लपायला माणूस हवा

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य विद्येसाठी येऊन राहिला होता. वय तिशीला टेकलेले, हात हुशार, पाठांतर चोख. दोष म्हणाल तर एकच, त्याला कशावरही विश्वास ठेवता येत नसे. दुधात तो बोट बुडवून पाही, बाजारातून आणलेली सुंठ मोडून पाही, आणि रोगी 'कालपासून बरं वाटतंय' म्हणाला की त्याची नाडी पुन्हा एकदा पाही. वैद्यकीत हा गुण मानला जातो, त्यामुळे आपल्यात काही दोष आहे असे त्याला कधी वाटलेच नाही. संशयी माणसाची हीच गंमत असते. तो साऱ्या जगावर संशय घेतो, फक्त स्वतःच्या संशयावर घेत नाही.

गाव घाटाच्या पायथ्याशी होते. वर दाट रान, कारवीची जाळी, कडे आणि ओढे. हिरडा गोळा करायला गेलेल्या बाया, गुरांमागे गेलेले गुराखी, शहरातून गड पाहायला आलेली हौशी मंडळी, यांतले कोणी ना कोणी त्या रानात वाट चुके. अशा वेळी गावातलीच पाचसहा माणसे आपापला कामधंदा सोडून शोधाला निघत. त्यांच्या पथकात तीन कुत्री होती. दोन अजून शिकाऊ होती आणि तिसरी भिंगरी. तांबूस रंगाची, एक कान पडलेली ही कुत्री रानातले माणूस वासावरून हुडकून काढी. तिला तयार केले होते इंदुमती ढेबे हिने. इंदुमती एसटीत कंडक्टर होती. सुट्टीच्या दिवशी लोक झोपा काढतात, इंदुमती कुत्र्यांना घेऊन डोंगर चढे. या कामाचा तिला पगार नव्हता की कुणी हारतुरे घालत नव्हते. गावातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने गोदामामागची शेड कुत्र्यांना राहायला दिली होती आणि शोध असेल त्या दिवशी त्याचा टेम्पोही मिळे.

वैद्यबुवा दर रविवारी सकाळी काठी घेऊन बाहेर पडत. दुपारी परतत तेव्हा धोतराला कुसळे, केसांत पालापाचोळा, कोपर खरचटलेले. आणि चेहरा मात्र जत्रेतून आलेल्या पोरासारखा. कधी कधी बरा झालेला एखादा परगावचा रोगीही त्यांच्याबरोबर जाई, आणि तोही तसाच धुळीने माखून हसत हसत परते. शिष्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बुवांना रानात एखादी दुर्मीळ वनस्पती सापडली असावी आणि ती ते आपल्याला सोडून परक्यांना दाखवत असावेत, असा त्याने हिशेब बांधला.

एकदा त्याने विचारलेच, "गुरुजी, रविवारी आपण कुठे जाता?"

"रानात. येतोस? चल," बुवा म्हणाले.

झाले! इतक्या सहज बोलावतात म्हणजे खरी जागा दाखवणार नाहीत, हे शिष्याने ताडले. त्याने डोके दुखत असल्याचे सांगितले आणि बुवा वळणाआड गेल्यावर चोरपावलांनी त्यांच्या मागे निघाला.

त्याने जे पाहिले ते विचित्र होते. ऐंशीच्या घरातले वैद्यबुवा कारवीच्या जाळीत शिरले, एका खळग्यात आडवे झाले आणि अंगावर पाला ओढून निश्चल पडून राहिले. शिष्य एका खडकामागे दबून बसला. तासाभराने एक कुत्रे हुंगत आले, जाळीपाशी थबकले आणि जोरात भुंकू लागले. पाठोपाठ इंदुमती आणि तिचे सोबती धावत आले. "सापडले! सापडले! शाब्बास रे माझ्या राजा!" असा एकच गलका झाला. टाळ्या पिटल्या गेल्या, कुत्र्यापुढे दोरीचे खेळणे नाचवले गेले, आणि पाल्यातून उठलेले बुवाही त्या गोंधळात टाळ्या वाजवू लागले.

खडकामागे शिष्याचे तोंड कडू झाले. वनस्पती वगैरे काही नव्हते. हे तर नाटक होते. आपणच माणूस लपवायचा, आपणच शोधायचा आणि आपणच जयजयकार करायचा. मग आजवर 'भिंगरीने अमक्याला शोधले, तमक्याला वाचवले' म्हणून गावभर जे सांगितले गेले, त्यात खरे किती? आणि आपले गुरू, ज्यांच्या शब्दावर आपण रोग्याच्या जिभेवर मात्रा ठेवतो, ते यात सामील?

दुसऱ्याच दिवशी तो गुळाच्या व्यापाऱ्याकडे गेला. चुगली करायला नव्हे, कर्तव्य म्हणून. चुगली करणारा प्रत्येक माणूस कर्तव्य म्हणूनच जातो.

व्यापारीही त्याच्याच पठडीतला. गुळाची ढेप आतून चांगली आहे की नाही हे बघायला तो तिच्यात सुरी खुपसून पाहत असे. सगळे ऐकून तो म्हणाला, "मला वाटतच होतं, पाणी कुठंतरी मुरतंय. फुकट कोण कुणासाठी डोंगर चढतं हो?"

आठवड्याच्या आत शेड रिकामी झाली आणि टेम्पो बंद झाला. इंदुमती व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन साऱ्या गावादेखत समजावून आली. "शेठ, अवो तो सराव असतो. माणूस लपल्याबिगर कुत्रं शोधायला शिकंल कसं? आन् तेबी रोजचं माणूस चालत न्हाई, नवं लागतं." व्यापाऱ्याने मान डोलावली आणि ती गेल्यावर शेजारच्याला डोळा मारला. पकडले गेलेले सगळे असेच काहीतरी सांगतात, असे त्याचे मत पडले. गावाचेही पडले. रविवारी लपायला जाणारी माणसे एकेक करून घरी बसू लागली, कारण ढोंगाला हातभार लावल्याचा ठपका कुणाला नको होता.

वैद्यबुवा आता आपल्याला हाकलून देतील, असे शिष्याला वाटत होते. तसे झाले असते तर त्याला बरेच वाटले असते. आपण खरे ठरलो असे समजून तो निघून गेला असता. पण बुवांनी संध्याकाळी खलात औषध घोटता घोटता एवढेच विचारले, "खडकामागे किती वेळ बसला होतास रे? तिथे लाल मुंग्या फार आहेत." आणि पुढे काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचाही शिष्याला संशय आला.

पावसाळा सरता सरता म्हसखिंडीत दरड कोसळली आणि एक झोपडी गाडली गेली. भिंगरी दोन दिवस चिखलात राबली. तिने एकापाठोपाठ एक तीन माणसे दाखवली. तिन्ही गेलेली होती. प्रत्येक वेळी ती भुंकली, मागे वळली, शेपटी हलवत माणसांच्या तोंडाकडे पाहू लागली. आणि प्रत्येक वेळी माणसांनी तोंडे फिरवली, पदर तोंडाला लावले. अशा शोधानंतर खाली उतरताना एखाद्या नव्या माणसाने वाटेत लपायचे, असा पथकाचा रिवाज होता. त्या दिवशी इंदुमतीने चारपाच जणांना विचारले. कुणी तयार झाले नाही. भिंगरी खाली आली ती खाणे सोडून बसली. पट्टा दिसला की पूर्वी उड्या मारी. आता नुसती पाही आणि डोके पुन्हा पायांवर ठेवी.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी व्यापाऱ्याची आई नाहीशी झाली.

म्हातारी ऐंशी पार केलेली. अलीकडे तिला काळाचे भान राहत नसे. माहेर घाटावर, आणि माहेरचे कोणी आता उरले नाही हे ती विसरून जाई. सकाळी पेजेची वाटी अर्धी टाकून ती उठली आणि कुणाच्या नकळत घाटाची वाट धरून गेली. उन्हे वर येईपर्यंत सारा गाव ओरडत फिरला. ओढ्याच्या काठी चिखलात तिच्या वहाणेचा ठसा मिळाला. पलीकडे खडक होता, पुढे काही माग नव्हता. रानात एकटी म्हातारी, पोटात अर्धी वाटी पेज, रात्रीचा गारठा. ती अंधार पडायच्या आत सापडली नाही तर सकाळी काय सापडेल हे सगळ्यांना कळत होते.

व्यापारी इंदुमतीच्या दारी आला. ती पायात बूट घालूनच उभी होती.

"मागचं मनात धरू नका," तो म्हणाला.

"त्यो इचार मागनं करू, शेठ. आजीनं पांघरलेली गोधडी आणा. धुतल्याली नको."

भिंगरीला गोधडी हुंगायला दिली. ती ओढ्यापर्यंत चालली, पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि हळूच खाली बसली. इंदुमतीने चुचकारले, विनवले, रागावली. भिंगरीने मान वळवून घेतली. शिकाऊ कुत्री तर नुसतीच गोल फिरत होती.

व्यापाऱ्याचा चेहरा पालटला. "बघा! मी म्हणालो नव्हतो? हिला काही येत नाही. नाहीतर तुम्हीच हिला बसवलंय, माझ्यावर सूड म्हणून!"

इंदुमतीच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती वैद्यबुवांकडे वळली. बुवा काठी टेकत तिथवर आले होते. दोघांत नजरेनेच काही ठरले. मग बुवा जमलेल्या लोकांना म्हणाले, "हिला पुढे न्यायचं असेल तर आधी एका माणसाने इथे जवळच लपायला हवं. जवळचा ताजा वास आला तर ती उठेल. हिने कधी न हुंगलेलं माणूस हवं. कोण लपतं?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. व्यापारी तर ओरडलाच, "बुवा, वय झालं तुमचं! माझी आई तिकडं मरणाच्या दारात आणि तुम्ही लपाछपी मांडताय?"

बुवांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. शिष्याकडे मात्र पाहिले नाही. ते न पाहणे शिष्याला झोंबले. गुरूंनी आपल्याला मोजणीतूनच वगळले होते. आणि त्याच क्षणी त्याला दुसरीही एक गोष्ट कळली: त्या कुत्र्यांवरही त्याचा पहिल्यापासून विश्वास नव्हता, ती रस्त्यात दिसली की तो पलीकडच्या कडेने जाई. भिंगरीने कधीही न हुंगलेला असा गावात त्याच्याइतका दुसरा कोणी नसेल.

"मी लपतो," तो म्हणाला. म्हणताना आपल्याला फसवले जात आहे असे त्याला वाटतच होते.

इंदुमतीने त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला नेले. एक जुना आंबा मुळासकट उन्मळून पडला होता, त्याच्या मुळांखाली ओली घळ झाली होती. "आत सरका. हलायचं न्हाई, हाक मारायची न्हाई, कुणाचं पाऊल वाजलं तरी गप."

"किती वेळ?"

"ती येईस्तोवर."

"आणि आलीच नाही तर?"

"तर मी येईन," इंदुमती म्हणाली, आणि फांद्या टाकून निघून गेली.

पहिली काही मिनिटे शिष्य रागातच होता. हा सगळा आपल्याला अद्दल घडवण्याचा डाव आहे; आता सगळे पलीकडच्या वाटेने निघून जातील आणि आपण इथे चिखलात कुजत पडू. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी भीती आली. मानेवर माती ठिबकत होती. काहीतरी पायावरून सरकत गेले. कान देऊन ऐकले तर ओढ्याशिवाय आवाज नाही. माणसांचा गलबला थांबला होता. गेले वाटते. खरेच गेले. त्याने आयुष्यात कुणाची वाट पाहिली नव्हती, कारण कुणी येईल असे त्याने कधी धरलेच नव्हते. आता मात्र वाट पाहण्यावाचून त्याच्यापाशी दुसरे काही नव्हते. आणि एकाएकी त्याला वर कुठेतरी बसलेली ती म्हातारी आठवली. तिला तर कुणी 'मी येईन' असेही सांगितलेले नव्हते.

फांद्या सळसळल्या. एक ओले, गार नाक त्याच्या गालाला लागले. गरम श्वासाचा भपकारा तोंडावर आला, आणि कानठळ्या बसतील असे भुंकणे सुरू झाले. शिष्याने दोन्ही हातांनी त्या कुत्रीची मान धरली आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. लाज वाटण्याइतकेही भान त्याला उरले नाही.

सगळे धावत आले. भिंगरी मागे वळली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. इंदुमती नाचू लागली, "गावला! गावला! माजी भिंगरी गं, माजी वाघीण!" पथकाने टाळ्या पिटल्या, बुवांनी काठी बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. व्यापारी मात्र दगडासारखा उभा होता. भिंगरी येऊन नेमकी त्याच्यासमोर थांबली.

"शेठ, टाळ्या वाजवा," बुवा म्हणाले.

"हात उठत नाहीत, बुवा. माझी आई..."

"ती तुमच्या तोंडाकडे बघते आहे. माणूस सापडलं याचा तुम्हाला आनंद झाला की नाही, एवढंच तिला हवं आहे. आईसाठी वाजवा."

व्यापाऱ्याने हात उचलले. पहिली टाळी नीट वाजलीही नाही. मग दुसरी वाजली, तिसरी वाजली. गालांवरून पाणी वाहत होते आणि तो मोठमोठ्याने म्हणत होता, "शाब्बास! शाब्बास गं बाय! लई भारी काम केलंस!" ज्या माणसाशी आपले काही देणेघेणे नाही, असा माणूस सापडल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच तो आनंद करत होता. भिंगरीची शेपटी हलू लागली, मग सगळे अंगच हलू लागले. इंदुमतीने गोधडी पुढे केली. भिंगरीने तिच्यात नाक खुपसले, ओढा एका झेपेत ओलांडला आणि ती खडकावरून वर पळाली. पथक आणि व्यापारी तिच्या मागे धावले.

बुवांच्याने चढवेना, आणि त्यांना एकटे सोडून शिष्याला जाववेना. दोघे ओढ्याकाठी बसले.

"गुरुजी, त्या दिवशी दरडीवरून खाली येताना लपायला कोणी मिळालं नाही, ते माझ्यामुळे," शिष्य म्हणाला.

"हो," बुवा म्हणाले.

"मग मला तेव्हाच का नाही समजावलंत?"

"इंदूने साऱ्या गावाला समजावलं. तू ऐकलंस. काय वाटलं तुला?"

"सारवासारव वाटली."

"मग मी आणखी काय वेगळं केलं असतं?" बुवांनी त्याच्या केसांतली माती झटकली. "अरे, नाक तिला जन्मतःच मिळालं आहे. पण ते दिवसभर जमिनीला टेकवून ठेवायला जे बळ लागतं, ते तिला माणसांच्या तोंडावरच्या आनंदातून मिळतं. खिंडीत तिने काम चोख केलं आणि तीनदा माणसं रडली. मरण म्हणजे काय ते तिला कळतं की नाही, मला ठाऊक नाही. आपण शोधतो म्हणून ही माणसं रडतात, असं मात्र तिला वाटलं असणार. म्हणून कुणीतरी जिवंत माणसाने लपायचं, तिच्या हाती सापडायचं आणि सगळ्यांनी मनापासून आनंद करायचा. मी लपलो तर त्या शिकाऊ पोरांना चालतं. हिला माझा वास घरचा झालाय, हिला तो नुसता खेळ वाटतो. शेड लागते, टेम्पो लागतो, सगळं खरं. पण सगळ्यांत आधी लागतो तो लपायला माणूस. आणि तोच मिळत नाही. कारण लपणाऱ्याला पाल्याखाली पडून एका गोष्टीवर भरवसा ठेवावा लागतो, की कुणीतरी येईल. तू आत पडला होतास तेव्हा काय वाटलं?"

"की तुम्ही सगळे मला टाकून गेलात."

"आणि?"

शिष्याने नुसता गालाला हात लावला.

उन्हे कड्यावरून उतरू लागली तेव्हा वरून भुंकणे ऐकू आले. शिष्य ताडकन उठला. वानर दिसले असेल, असे त्याच्या ओठांवर आले होते. पण तो बोलला नाही, तसाच उभा राहून ऐकत राहिला. मग माणसांचा आवाज आला, आणि त्या आवाजात टाळ्या होत्या.

व्यापाऱ्याने आईला पाठीवर घेऊन उतरवले. एका कपारीत ती अंग चोरून बसली होती. पाय सुजलेला, ओठ कोरडे, पण जीव शाबूत. भिंगरी आत शिरली तेव्हा म्हातारी तिला म्हणाली होती म्हणे, "आलीस? किती उशीर गं." आता ओढ्याकाठी तिला खाली बसवले, बुवांनी नाडी पाहिली आणि हसून मान हलवली. शिष्याने ओंजळीत पाणी आणून तिला पाजले. पाणी पिता पिता म्हातारी त्याच्या चिखलाने माखलेल्या कपड्यांकडे, ओरखडलेल्या तोंडाकडे निरखून पाहत होती.

"ह्यो कोण रं?" तिने मुलाला विचारले. "ह्योबी हरवला हुता का?"

व्यापारी सांगायला लागला, की नाही गं आई, ते खोटं खोटं होतं, हे वैद्यबुवांचे शिष्य आहेत. शिष्याने त्याला हाताने थांबवले. मग तो म्हातारीपुढे खाली बसला.

"हो आजी," तो म्हणाला. "तुमच्या आधी तिने मला शोधलं."